पाणी ओसरल्यावर येणारे पाहुणे

गेल्या महिन्यात आमच्या एका स्नेह्यांचं व्याख्यान ऐकलं. ते आणि वहिनी ब्रह्मपुत्रेवर सात रात्री जहाजात राहून नुकतेच परतले होते. पडद्यावर एकामागून एक चित्रं सरकत होती. काझीरंग्याच्या गवतात उभा गेंडा, वाळूवर उतरलेले चक्रवाक, खांबांवर उभी मिसिंग लोकांची घरं, माजुली बेटावरचा रावणाचा मुखवटा. व्याख्यान रंगलं. समारोपात ते म्हणाले, नदीवरून फिरलं की रस्ता लागत नाही, हॉटेल लागत नाही, त्यामुळे निसर्गाला धक्का लागत नाही; गावाला दोन पैसे मिळतात; मरू घातलेली कला जगते; आणि मुख्य म्हणजे शेकडो वर्षांत न बदललेलं आयुष्य आहे तसं पाहायला मिळतं. यावर टाळ्या पडल्या.

मला शेवटचं विधान सर्वांत जास्त खटकलं. आधीची तिन्ही त्याच्याच पोटातून निघतात, असं मला वाटतं. स्नेह्यांविषयी आदर आहे आणि त्यांच्या हेतूबद्दल शंका नाही. पण हेच म्हणणं आता प्रत्येक सहलीच्या माहितीपत्रकात आहे, घरोघरच्या गप्पांत आहे. त्याला कोणीतरी उत्तर द्यायला हवं.

मी चिपळूणची. आमच्या घराच्या भिंतीवर दोन खुणा आहेत, एक 26 जुलै 2005 ची आणि तिच्या वर 22 जुलै 2021 ची. दुसरी माझ्या डोक्याच्याही वर आहे. त्या पहाटे आम्ही माळ्यावर चढून बसलो होतो आणि खाली कपाटं एकमेकांवर आपटल्याचे आवाज ऐकत होतो. आमच्या वाशिष्ठी नदीत मगरी पाहायला पर्यटक येतात. जानेवारीत येतात, बोटीत बसतात, ऊन खात पडलेली मगर पाहतात, काठावरच्या नारळी-पोफळींचे फोटो काढतात आणि ‘किती शांत नदी आहे हो तुमची’ म्हणून परत जातात. ते खोटं बोलत नाहीत. जानेवारीत वाशिष्ठी शांतच असते. पण जानेवारीच्या वाशिष्ठीवरून चिपळूण काय आहे, आमची घरं जोत्यावर का उभी आहेत, दुकानदार मृग लागला की माल वरच्या फळीवर का चढवतो, ‘निळी रेषा’ आणि ‘लाल रेषा’ हे पूररेषांचे शब्द उच्चारले की माणसं का भांडायला उठतात, हे कुणाला कळेल?

ब्रह्मपुत्रेवरची पर्यटक जहाजं साधारण ऑक्टोबर ते एप्रिल एवढ्याच काळात चालतात. काझीरंगाही पावसाळ्यात बंद असतं. वाराणसीहून बांगलादेशमार्गे दिब्रुगडला गेलेलं ‘गंगा विलास’ हे बहुचर्चित जहाज 13 जानेवारी 2023 ला निघालं आणि 28 फेब्रुवारीला पोचलं. म्हणजे तो गाजलेला सगळा प्रवास थंडीच्या दोन महिन्यांत उरकला. यात गैर काही नाही, पुरात जहाज कोण हाकणार? गैर आहे ते पुढचं. हिवाळ्यात जे दिसलं तेच त्या नदीचं आणि त्या लोकांचं खरं रूप, असं समजून आपण घरी येतो आणि व्याख्यानं देतो.

‘न बदललेलं आयुष्य’ म्हणे! ब्रह्मपुत्रेतल्या माजुली बेटाइतकं बदलणारं ठिकाण देशात शोधून सापडणार नाही. 15 ऑगस्ट 1950 ला आसामात 8.6 तीव्रतेचा भूकंप झाला, डोंगर कोसळले, नदीचं पात्र गाळाने भरून वर आलं आणि तेव्हापासून ब्रह्मपुत्रा माजुलीचे काठ गिळते आहे. गावंच्या गावं गेली. अनेक सत्रं, म्हणजे शंकरदेवांच्या परंपरेतले वैष्णव मठ, मूर्ती आणि पोथ्या घेऊन बेट सोडून पलीकडे गेली. शंकरदेव आणि माधवदेव यांची पहिली भेट जिथे झाली ते धुवाहाट-बेलगुरी आज नदीच्या पोटात आहे. आपल्याकडे आळंदी किंवा देहू इंद्रायणीत गेली असती तर आपण त्याला काय म्हटलं असतं, याचा क्षणभर विचार करावा. मिसिंग लोकांचं चांगघर, ज्याच्या चित्राला सभागृहात सर्वांत जास्त दाद मिळाली, ते बांबूच्या खांबांवर उभं असतं ते देखणं दिसावं म्हणून नव्हे. पाणी खालून जावं म्हणून ते उंच आहे. आणि काठ तुटायला लागला की सोडून, उचलून, मागे नेऊन पुन्हा बांधता यावं म्हणून बांबूचं आहे. त्या घराची प्रत्येक गाठ पुराशी बोलून मारलेली आहे. जहाजावरचा पाहुणा उत्तर पाहून जातो. प्रश्न जूनमध्ये येतो, तेव्हा तो तिथे नसतो.

मी दोन्ही वेळा गेले आहे, म्हणून हे बोलायचा थोडा अधिकार मला आहे असं मी धरून चालते. पहिल्यांदा जानेवारीत, अशाच एका जहाजाने. दुसऱ्यांदा दोन वर्षांनी, ऑगस्टमध्ये, नऊ दिवस, बेटाच्या कडेला एका मिसिंग कुटुंबाकडे.

जहाजाचं नाव सांगण्याची गरज नाही, कारण मुद्दा एका कंपनीचा नाही. खोल्या स्वच्छ, जेवण चांगलं, कर्मचारी अतिशय प्रेमळ. एका दुपारी चापरीवर, म्हणजे नदीने गाळ टाकून तयार केलेल्या वाळूच्या बेटावर, उतरवलं. गावात पाऊण तास. मुली तयार होत्या, त्यांनी आली-आये-लिगांगचा नाच करून दाखवला. हा सण आसामी फागुनातल्या पहिल्या बुधवारी, पेरणीची सुरुवात म्हणून येतो. आम्ही गेलो तेव्हा पौष चालू होता. कुणी आपल्याला विचारलं, डिसेंबरात चाळीस पाहुणे येताहेत, वाखरीचं रिंगण पाऊण तासात दाखवाल का, घोडा जरा दोनदा पळवा, फोटो नीट यायला हवेत, तर आपल्या अंगाचा तिळपापड होईल. तिथे आम्ही सगळे टाळ्या वाजवत होतो. नाचणाऱ्या मुलींना काय मिळतं असं मी व्यवस्थापकांना विचारलं. ते हसले आणि चहा घेणार का म्हणाले.

आता ‘निसर्गाला धक्का लागत नाही’ याकडे येते, कारण हा मुद्दा सर्वांत पटण्यासारखा वाटतो आणि म्हणूनच तो तपासून पाहायला हवा. जहाजाला रस्ता लागत नाही हे खरं नाही. जहाजाला पाण्यातला रस्ता लागतो. सादिया ते धुब्री हा 891 किलोमीटरचा पट्टा 1988 पासून राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक 2 आहे, आणि तो ठरावीक खोलीचा ठेवायचा तर गाळ उपसावा लागतो. हा उपसा मालवाहतुकीसाठी मुख्यतः होतो, पर्यटकांसाठी नाही, हे मान्य. पण ज्या महिन्यांत जहाजं येतात, त्याच महिन्यांत नदी सर्वांत उथळ असते. उथळ नदीत आवाज जास्त घुमतो. आणि त्या पाण्यात गंगेतला डॉल्फिन राहतो, ज्याला आसामीत शिहू म्हणतात. त्याला डोळ्यांनी जवळजवळ दिसत नाही. तो आवाज सोडतो, परत आलेला प्रतिध्वनी ऐकतो आणि त्यावर मासा कुठे, काठ कुठे, पिल्लू कुठे हे ओळखतो. 2019 मध्ये गंगेवर झालेला एक अभ्यास ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’मध्ये छापून आला. उथळ पाणी आणि बोटींच्या इंजिनाचा आवाज एकत्र आले की या प्राण्याच्या शरीरावरचा ताण वाढतो, असं त्याने दाखवलं. गंगा आणि ब्रह्मपुत्रा मिळून देशात 6,324 डॉल्फिन असल्याचा अंदाज 2025 मध्ये जाहीर झाला, त्यातले आसामात 635. आपण ज्याला राष्ट्रीय जलचर म्हणतो, त्याचं पाणी सर्वांत कमी असतं तेव्हाच आपण त्याच्या घरावरून इंजिन नेतो आणि कठड्यावर उभं राहून ‘तो बघा, तो बघा’ म्हणतो.

वाळूचंही तसंच. ओसाड दिसणारी वाळू पाहुण्यांना संध्याकाळची शेकोटी पेटवायला फार आवडते. आमच्याही जहाजाने एके दिवशी पेटवली. पण फेब्रुवारीपासून याच वाळूवर नदी सुरयसारखे पक्षी अंडी घालतात. घरटं म्हणजे वाळूतला साधा खळगा, अंडी वाळूच्याच रंगाची. त्यांच्यासाठी ती प्रसूतीची खोली असते. पावसाचं पाणी वाढायच्या आत पिल्लं उडाली पाहिजेत, म्हणून त्यांचंही कॅलेंडर याच नदीने ठरवलेलं असतं.

आणि काझीरंगा! गेंड्यांची गणती 2022 मध्ये 2,613 भरली, हा आकडा आपण अभिमानाने सांगतो. त्या गेंड्याचं गवत टिकवतं कोण? पूर. दरवर्षी ब्रह्मपुत्रा त्या जंगलात शिरते, बिलांमधली म्हणजे तळ्यांमधली जलपर्णी वाहून नेते, नवा गाळ टाकते, म्हणून ते गवताळ रान झाडीने भरून जात नाही. त्याच पुरात प्राणी बुडतातही. वाचलेले महामार्ग ओलांडून कार्बी टेकड्यांवर चढतात आणि तिथे गाड्यांखाली सापडतात. काझीरंग्याला पूर हवाही आहे आणि चढायला उंच जागाही हवी आहे. ही गुंतागुंत ज्याला कळली तोच टेकड्यांकडची वाट मोकळी ठेवा म्हणून भांडेल. ज्याने फक्त हिवाळ्यातलं गवत पाहिलं, तो पुढच्या वर्षी त्या वाटेवर नवं रिसॉर्ट उभं राहिलं तर तिथली खोली आगाऊ राखून ठेवेल.

इथे स्नेह्यांचा एक मुद्दा मी मनापासून मान्य करते. माजुलीवर काँक्रीटची हॉटेलं उभी राहण्यापेक्षा जहाज येऊन निघून जाणं बरं. शिवाय नदीची रुंदी, तिची शांतता, धुकं फुटताना पात्रावर येणारा उजेड, हे रेल्वेच्या पुलावरून कधीच कळलं नसतं. ते सुख मीही घेतलं आहे आणि ते खोटं नव्हतं.

पण गावाला मिळणारे ‘दोन पैसे’ हे शब्दशः दोनच आहेत, हे कुणीही हिशेब मांडून पाहावं. झोप जहाजावर, न्याहारी-जेवण जहाजावर, मार्गदर्शक जहाजाचा, संध्याकाळचा कार्यक्रम जहाजावर. किनाऱ्यावर उरतो पाऊण तास आणि एक गामोसा, म्हणजे आसामी उपरणं. भाडं आधीच भरलेलं असतं, शहरात बसलेल्या कार्यालयात. बेटावर एक रात्र राहणारा माणूस भात खातो, फेरीबोटीचं तिकीट काढतो, सायकल भाड्याने घेतो, कोणाची तरी चप्पल शिवून घेतो. पैसा असा चार हातांतून फिरतो.

फेरीबोटीवरून आठवलं. निमाती घाट ते कमलाबाडी, हा माजुलीच्या लोकांचा रोजचा रस्ता. विद्यार्थी, बाळंतीण, दुधाचे कॅन, मोटारसायकली सगळं एकाच बोटीत. 8 सप्टेंबर 2021 ला याच घाटाजवळ ‘मा कमला’ ही खासगी बोट सरकारी बोटीला धडकून उलटली, माणसं दगावली, आणि मग एका इंजिनाच्या खासगी प्रवासी बोटींवर बंदी आली. जोरहाट-माजुली पुलाची तेव्हा फक्त पायाभरणी झाली होती, त्याच वर्षी फेब्रुवारीत. एका नदीवर दोन प्रकारची माणसं तरंगतात. पाहुण्यांच्या जहाजावर प्रत्येकाला जीवरक्षक जाकीट मिळतं, आणि ते मिळायलाच हवं. पण ते जाकीट अंगात घालून शेजारून जाणाऱ्या फेरीबोटीला हात हलवताना, तिच्यात किती जाकिटं असतील हे मनात येत नसेल, तर आपण ‘गावचं जीवन’ नक्की काय पाहिलं?

राहिली कला. माजुलीचे मुखवटे मरू घातले होते आणि पर्यटकांनी ते वाचवले, असं म्हणणं हा सत्रांचा अपमान आहे. चामगुरी सत्रात मुखवटे होतात ते भाओनासाठी, म्हणजे शंकरदेवांनी सुरू केलेल्या भक्तिनाट्यासाठी, आणि कार्तिकातल्या रासासाठी. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यावर कुंभारमातीत बुडवलेलं कापड, वर माती आणि शेणाचा लेप, वाळल्यावर रंग. तिथले हेमचंद्र गोस्वामी यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांनी जबडा हलणारे मुखवटे केले, कारण रंगमंचावरच्या राक्षसाने बोलताना तोंड हलवलं पाहिजे अशी नाटकाची गरज होती. 2024 मध्ये या मुखवट्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं. ती परंपरा शेकडो वर्षं टिकली ती रात्रभर जागून भाओना पाहणाऱ्या गावकऱ्यांमुळे. पर्यटकासाठी तळहाताएवढे मुखवटे होतात, पिशवीत मावतील असे. ते विकत घ्यावेत, जरूर घ्यावेत, त्यातून घर चालतं. पण रोज दहा छोटे मुखवटे करणाऱ्या हाताला पूतनेचा मोठा मुखवटा करायला वेळ उरणार नसेल, तर आपण नेमकं काय वाचवलं, हा प्रश्न विचारायलाच हवा. येवल्याच्या विणकरांना यंत्रमागाच्या नकली पैठणीने जे भोगायला लावलं, ते सुआलकुची या रेशमाच्या गावाने 2013 मध्ये भोगलं, जेव्हा बाहेर विणलेली स्वस्त नक्कल आसामी मेखेला-चादर म्हणून बाजारात आली आणि विणकर रस्त्यावर उतरले. घाईच्या गिऱ्हाइकाला हातमाग आणि यंत्रमाग वेगळा ओळखता येत नाही. ओळखायला मागाशेजारी बसावं लागतं आणि धोटा एका बाजूने दुसऱ्या बाजूला जाताना पाहावा लागतो.

माजुलीतल्या सालमोरा गावचे कुंभार चाक न वापरता, हाताने आणि थापीने मडकी घडवतात. घडवतात त्या बाया. माती काठाच्या खोल थरातून येते आणि भट्टीला लागणारं बरंचसं लाकूड नदीच वाहून आणते, पुरात. मुखवट्याची माती नदीची, मडक्याची माती नदीची, भट्टीचं सरपण पुराचं. ही कला जपायची तर नदीच्या वर्षभराच्या वागण्याशी नातं जुळवावं लागेल. फक्त थंडीतल्या नदीशी गोड बोलून ते होणार नाही.

आता मला ज्या गोष्टीचा सर्वांत जास्त राग येतो ती सांगते. अलीकडे माजुलीची जाहिरात ‘बुडण्याआधी पाहून घ्या’ अशा सुरात होते. एखाद्याच्या घरी माणूस अत्यवस्थ आहे म्हणून त्याचा चेहरा पाहायला तिकीट काढून जावं, तशी ही वृत्ती आहे. याच्या अगदी उलट वागलेला एक माणूस आपल्याकडचा होता. संजय घोष यांचा जन्म नागपूरचा. ते 1996 मध्ये सहकाऱ्यांना घेऊन माजुलीला राहायला गेले. बेट तुटतं आहे हे पाहून त्यांनी गावकऱ्यांना सोबत घेतलं आणि श्रमदानाने, बांबूसारख्या तिथल्याच साधनांनी काठाचा एक तुकडा सावरायचा प्रयत्न केला. 4 जुलै 1997 ला उल्फा या फुटीरतावादी संघटनेने त्यांचं अपहरण केलं आणि त्यांना मारलं. सगळ्यांनी त्यांच्यासारखं व्हावं असं मी म्हणत नाही, तसं म्हणण्याची माझी लायकी नाही. पण बुडणाऱ्या बेटाकडे पाहण्याच्या दोन दृष्टी असतात, आणि त्यांतली एक दृष्टी घेऊन आपल्यातलाच एक माणूस तिथे पोचला होता, हे निदान आपल्याला माहीत असावं.

स्नेह्यांना माझं सांगणं आहे, जहाजाने जा, हवं तर पुन्हा जा. पण फेब्रुवारीपासून वाळूवर शेकोटी पेटवू नका म्हणून कप्तानाला सांगा. डॉल्फिनच्या डोहाजवळ इंजिन बंद करायला लावा. नाच सणाच्या दिवशी पाहा, नाहीतर पाहू नका. दोन रात्री जहाज सोडून गावात झोपा. आणि व्याख्यानात गेंड्याच्या चित्रानंतर एक चित्र जुलैचं दाखवा, तुमच्याकडे नसेल तर कुणाकडून मागून घ्या.

ऑगस्टमध्ये मी पोचले तेव्हा फेरी दोन दिवस बंद होती. तिसऱ्या दिवशी बोटीने गेले. घराखाली गुडघाभर पाणी होतं. हातमाग खालून वर आणून ठेवला होता, कोंबड्या माळ्यावर होत्या, होडी खांबाला बांधली होती. घरची बाई चुलीवर भात चढवत होती. मी कोणत्या गावची, तिथे नदी आहे का, असं तिने तोडक्यामोडक्या हिंदीत विचारलं. मी म्हटलं, आहे.

‘बाइदेउ, तुमच्याकडे पाणी किती चढतं?’

मी उठून उभी राहिले, हात डोक्याच्या वर धरला. तिने माझ्या हाताकडे पाहिलं, मग वाकून घराच्या खांबावरच्या एका खुणेवर बोट ठेवलं, मग त्याच्या वरच्या खुणेवर, आणि मग कोणत्या साली कुठवर ते सांगायला सुरुवात केली. भात करपायला लागला तेव्हा आम्ही दोघी भानावर आलो.